आप्पांचा शेवटचा संप

आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, आयुष्यात दोन संप केले. पहिला कंपनीच्या गेटवर, मी शाळेत असताना. दुसरा पंच्याहत्तरीला, बँकेच्या दारात. आणि त्यात ते एकटेच होते.

कासारवाडीतली ती सहकारी बँक आप्पांसारख्या कामगारांची. कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून गुरुवारी ती संध्याकाळीही उघडी असायची. पहिल्या संपात कंपनीला टाळं लागलं, तेव्हा तिनं आमच्या घराच्या कर्जाचे हप्ते काही न बोलता थांबवले होते. निवृत्तीचे सगळे पैसे आप्पांनी तिथंच ठेवले, यात नवल नव्हतं.

मग बँकेवर निर्बंध आले. संचालकांनी आपल्याच माणसांना वाटलेली कर्जं थकली होती. वरच्या बँकेनं, म्हणजे सगळ्या बँकांवर जिची देखरेख असते तिनं, व्यवहार थांबवले. खात्यातून ठरावीकच रक्कम काढता येईल, अशी नोटीस दारावर लागली.

मी हिंजवडीत संगणकापुढं बसणारा. वरच्या बँकेनं व्याजदर वाढवला की माझ्या फ्लॅटचा शेवटचा हप्ता माझ्या निवृत्तीपलीकडे सरकतो, एवढाच माझा अर्थशास्त्राशी संबंध. तरी रविवारी चहावर मी व्याख्यान दिलंच. निर्बंध चांगलेच, नाहीतर पहिला धावला त्याला सगळं मिळतं आणि मागच्याला ठणठणगोपाळ. शिवाय हप्ते थांबवायच्या असल्या मायेनंच बँका बुडतात.

"व्हय," आप्पा म्हणाले. "पण तवा माया केली नसती, तर आपण बुडालो असतो."

यावर मी चहात बिस्किट बुडवलं. तेही तुटून तळाला गेलं.

धावायचं नाही, पैसे काढायला रांग लावायची नाही, हे मात्र आप्पांनी मनावर घेतलं. रोज बँकेच्या दारात जाऊन ते रांगेतल्या जुन्या सोबत्यांना समजावू लागले, की राव, एक फुटला की संप फुटतो. सोबती हसायचे आणि रांगेतच राहायचे. कुणाच्या घरी लग्न होतं, कुणाला फी भरायची होती.

त्याच सुमारास त्यांना डाव्या डोळ्यानं अंधुक दिसायला लागलं. एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आले आणि म्हणाले, मोतीबिंदू हाय, पिकला की बघू, घाई न्हाई. मोतीबिंदू पिकावा लागतो हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मी पैसे भरतो म्हणालो, त्यांनी विषय बदलला. आजारपणासाठी जास्त पैसे काढायची सवलत होती, बँकेतल्या मॅडमनी ती त्यांना आपणहून सांगितलीही होती. हे मला फार उशिरा कळलं.

दिवाळीत त्यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला. आई आधी ओरडली, मग तिनं कप त्यांच्या उजवीकडे सरकवला. मी त्यांना घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर माझ्याकडे न बघता त्यांनाच म्हणाले, "काचबिंदू आहे, लगेच ऑपरेशन करा म्हणालो होतो. का आला नाहीत?"

गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं. उजवा डोळा वाचवता येईल.

रिक्षात मी विचारलं, आजार का लपवला.

"माझं पैसं असताना तुझ्याकडं कशाला मागू? तुझा हप्ता मला ठावं हाय. आन् आजाराचा कागद दावून मीच फुटलो, तर रांगेतल्यांना कुठल्या तोंडानं सांगू?"

पुढच्या वर्षी ती बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. पैसे पूर्ण मिळाले, कुणाचा रुपया बुडाला नाही. वेळेवर थांबवलं म्हणून हे झालं, असं मी म्हणालो. या वेळी जरा हळू.

"थांबवलं ते बराबर. मशीन बिघडलं की फोरमननं बंद करायचंच," आप्पा म्हणाले. "पण आवाज कवाचा येत व्हता. तवा फोरमन कुठं व्हता?"

नवी शाखा गुरुवारी संध्याकाळी बंद असते, म्हणून मी अर्धी रजा टाकून त्यांना दुपारी नेलं. पासबुक छापून मिळालं. ते त्यांनी उजव्या डोळ्याजवळ धरलं, मग माझ्या हातात दिलं. मी आकडा वाचला.

"बाकीच्यांना बी मिळालं ना?"

मिळालं म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि दाराकडे वळले. डावीकडचा खांब त्यांना दिसला नाही, खांदा जोरात आपटला.

मी आता त्यांच्या डाव्या बाजूनं चालतो.