पाठ फिरवून म्हणायचं गाणं

हरसूलला बाजाराच्या दिवशी आईने मला एसटीत बसवलं. नागलीची, म्हणजे नाचणीची, गोणी घेऊन ती नाहीतरी बाजारात येणारच होती, त्यामुळे माझ्यासाठी वेगळी खेप झाली नाही. पत्र्याची पेटी टपावर चढवली, मी खिडकीशी बसले. आई खालून मान वर करून बोलत होती. "काकूचं ऐकायचं. उलट बोलायचं नाय. ठेवून घेतलं त्यांनी, लय झालं." गाडी सुटली तरी ती गाडीकडे तोंड करून तशीच उभी होती. मागे गोणीपाशी गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण ती वळली नाही. आमच्याकडे निघणाऱ्या माणसाला पाठ दाखवत नाहीत.

तुमच्यातल्या काही जणी अजून विचारतात, काकूंकडे का जात नाहीस? त्यांच्यामुळे शिकलीस ना? आणि माझ्यासारख्या ज्या गाव सोडून नातेवाइकांच्या घरी राहिल्या, त्या हे कधीच विचारत नाहीत. दोन्हीकडच्या जणींना आज सांगते. सगळं एका कॅसेटपाशी येऊन थांबतं.

काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. नाशिक रोडला सरकारी नोकरी, कॉलनीत दोन खोल्यांचा ब्लॉक. काकू नाशिक शहरातल्या. त्यांच्या छपराखाली राहून मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. हे ऋण मी नाकारत नाही, कोणी विचारलं की आधी हेच सांगते. पण त्या छपराखाली माझी जागा मोरी होती. पहाटेचं पाणी, भांडी, कपडे, मग कॉलेज, परत आल्यावर पुन्हा भांडी. जेवण सगळ्यांचं उरकल्यावर. आमटी तेव्हा पातेल्याच्या तळाशी असायची आणि काकू तिच्यात पाणी घालून उकळी आणायच्या. "तुम्हाला गावाकडे अशीच आवडते ना गं?" म्हणायच्या.

पहिल्या वर्षी एकदा भांडी घासताना मी आमच्या आवणीच्या वेळचं एक गाणं गुणगुणत होते. भातलावणीला आम्ही आवणी म्हणतो. काकू दारात आल्या. "हे रानातले सूर इथे नकोत बाई. शेजारी म्हणतील, कोणाला आणून ठेवलंय." मी गाणं तिथेच सोडलं आणि पुढचं भांडं घेतलं. आईने सांगितलंच होतं, उलट बोलायचं नाय.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर काकूंनी ती कॅसेट आणली. कव्हरवर दगडी पायरीवर बसलेले दोघं, एक गिटारवाला आणि एक बाई, खादीच्या कपड्यांत. कॉलनीत त्या दोघांची तेव्हा चांगलीच चर्चा होती. टेपवर क्रोशाचं झाकण असायचं आणि ओल्या हातांनी त्याला हात लावायची मला बंदी होती. माझे हात कायम ओलेच. म्हणून तो अख्खा अल्बम मी मोरीतून, भिंतीपलीकडून ऐकला.

आणि तो मला फार आवडला. काकूंच्या घरातली एकच गोष्ट मला मनापासून आवडली, ती ही. तोवर मला रेडिओवरची गाणी माहीत होती, त्यात सगळे जोरात असायचे. हे दोघं कोणालाच काही पटवून द्यायला निघालेले नव्हते. गिटारची एक तार वाजायची, मग थोडी मोकळी जागा सुटायची, आणि त्या जागेत ती बाई सावकाश यायची. तो तिच्या मागून, अर्धा श्वास उशिरा. शेजारी शेजारी काम करणारी माणसं एकमेकांच्या चालीने चालतात, तसं. मी नळ बारीक करून ठेवायचे, पाण्याच्या आवाजात ती मोकळी जागा बुडू नये म्हणून. भांडी घासायला वेळ का लागतो, हे काकूंना कधी कळलं नाही.

पण त्या फक्त साइड ए लावायच्या. संपली की पुन्हा मागे घ्यायची, पुन्हा तीच. कारण साइड एचं शेवटचं गाणं त्यांचं लाडकं होतं. पहिल्यांदा ते लागलं तेव्हा माझ्या हातातली कढई तशीच राहिली.

"कणगी तुझी भरू दे, दिवा तुझा जळू दे,
आमची वाट आमाला, तुझी वाट तुला रं."

हे तेच होतं. ज्याला त्या रानातले सूर म्हणाल्या होत्या ते. हॉलमधून आवाज आला, "किती गोड आहे ना हो? डोळ्यांत पाणी येतं." पुढे मी गुपचूप कव्हर वाचलं. गाण्याच्या नावाखाली लिहिलं होतं, पारंपरिक. म्हणजे माझी आई, तिच्या जावा आणि त्यांच्या सासवा.

गावाकडच्यांना हे गाणं समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांना सांगते. आवणीला बायकांचं टोळकं एकेकाच्या वावरात जातं. दुपारचं जेवण मालकाच्या घरचं. जिथे पोटभर आणि मानाने वाढतात, तिथे शेवटच्या दिवशी काही गाणंबिणं होत नाही, तिथे पुढच्या वर्षी परत जातात. जिथे पातळ आमटीवर भागवतात, तिथे बायका काम पुरं करतात, पाय धुतात, घराकडे पाठ फिरवतात आणि हे गाणं म्हणत बांधावरून निघून जातात. शिवी नाही, शाप नाही. तुझं सगळं भरू दे, पण आम्ही पुन्हा यायच्या नाही. दुसऱ्या वावरातल्या बायकांनी ऐकलं की त्याही त्या घराचं काम धरत नाहीत. गाणाऱ्या दोघांना हे कोणी सांगितलं नसावं. किंवा त्यांनाही आमच्या बायकांनी पाठ फिरवूनच ते दिलं असेल, कोण जाणे.

मी काकूंना सांगितलं नाही. त्या दिवसापासून साइड ए संपत आली की मला आतून थंड, छान वाटायचं. काकू स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घराला ते गाणं ऐकवत होत्या.

तरीही मी तेवढ्यावर थांबले असते. पण शेवटच्या वर्षी आई भेटायला आली. फडक्यात उडीद, टोपलीत करवंदं. हॉलमध्ये शेजारीण बसली होती. काकूंनी ओळख करून दिली, "ही आमच्याकडे कामाला मुलगी आहे ना, तिची आई." आईने दाराशी खाली बसून कान तुटलेल्या कपातून चहा घेतला. तिला स्टँडवर सोडायला गेले तेव्हा मी म्हटलं, "आई, ऐकलंस ना?"

"मला हल्ली कमी ऐकू येतं," ती म्हणाली. तिचे कान ठणठणीत होते. रानातल्या हाकेवरून कोण ते ती ओळखायची. त्या दिवशी मी ठरवलं की या घरातून नुसतं निघायचं नाही.

निकाल लागला, पंचवटीतल्या एका शाळेत नोकरी मिळाली, तिथेच एक खोलीही ठरली. मी निघणार त्या दुपारी काकूंनी कॉलनीतल्या बायकांना पेढ्यांना बोलावलं. माझ्या आईलाही निरोप गेला. "आम्ही शिकवलं हो हिला," काकू ज्याला त्याला सांगत होत्या, "अगदी मुलीसारखं." आई दाराशीच बसली होती. मग काकूंना हौस आली. "अगं, जाता जाता ते कॅसेटमधलं म्हण की. काम करताना पुटपुटत असतेस."

मला संधी मागावी लागली नाही. मी उठले, पेटी दाराशी नेली, मोरीत जाऊन पाय धुतले. बायका हसल्या, "अगं, गाणं म्हणायला पाय कशाला धुतेस?" मी उंबऱ्यावर जिन्याकडे तोंड करून उभी राहिले, हॉलकडे पाठ.

"लाजतेय," काकू म्हणाल्या.

मी पहिली ओळ म्हटली. त्या गिटारवाल्यासारखी नाही, आमच्या चालीत, जरा चढ्या आवाजात. दुसरी ओळ सुरू केली आणि शेजारून दुसरा आवाज आला. आई उठली होती. माझ्या बाजूला येऊन, जिन्याकडे तोंड करून, अर्धा श्वास उशिरा ती गात होती. तीन वर्षं मला गप्प बसवणारी माझी आई. खालच्या पायऱ्यांवर आमच्याच भागातल्या, पेठकडच्या दोन बाया घासलेली भांडी घेऊन चढत होत्या. कॉलनीत भांड्यांना त्याच यायच्या. त्या थांबल्या. आधी आमच्या ओल्या पायांकडे बघितलं, मग आमच्या मागच्या दाराकडे.

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. काकांनी मात्र पेपर खाली घेतला होता. ते लहानपणीच गाव सोडून आलेले, पण तोवर बांधावरच वाढलेले. पेटी रिक्षात ठेवायला ते खाली आले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, एवढं नको होतं."

"भाऊजी," आई म्हणाली, "आमटी लय पातळ होती हो."

रिक्षा वळेपर्यंत दोघींपैकी एकीनेही मागे पाहिलं नाही.

पुढचं मला कॉलनीतल्याच एका मैत्रिणीकडून कळत राहिलं. मी गेल्यावर काकूंनी भांड्यांना बाई बघायला सुरुवात केली. हरसूल-पेठकडची एकही उभी राहिली नाही. कोणी सांगितलं वेळ नाही, कोणी सांगितलं कंबर धरलीय. काकूंचे हात आता कायम ओले असायचे. पुढे त्यांनी नवा फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला त्यांनी हौसेने तेच गाणं लावलं म्हणे. ते ऐकून मी इतकी हसले की स्टाफरूममधल्या बाईंनी मला पाणी आणून दिलं. अजूनही आठवलं की बरं वाटतं. वाईट वाटायची मी पुष्कळ वर्षं वाट पाहिली, ते काही आलं नाही.

पंचवटीच्या खोलीत आल्यावर मी जुना टेप मिळवला आणि तीच कॅसेट आणली. ओल्या हातांनी बटण दाबलं, मुद्दाम. आणि पहिल्यांदा साइड बी ऐकली. तिच्यात कोणाचं काही देणं-घेणं नव्हतं. एक गाणं तर नुसतं दोघांच्या गुणगुणण्याचं होतं, मध्ये गिटार, मध्ये ती मोकळी जागा. खाली गल्लीत भाजीवाल्यांचा ओरडा चालला होता आणि मी फरशीवर आडवी पडून ऐकत होते. या बाजूला माझी कुठलीच आठवण नव्हती, म्हणून ती पूर्ण माझी झाली. पुढे ती पट्टी ताणली गेली, मग सीडी घेतली. काकूंचं लाडकं गाणं आलं की मी ते पुढे ढकलते. माझ्या घरात ते वाजू द्यायचं नाही.

आई आता वर्षातून दोनदा येते. हॉलमध्ये खुर्चीवर बसते, धड कानाच्या कपातून चहा घेते, सगळ्यांच्या आधी जेवते. निघताना जिन्यात प्रत्येक वळणावर थांबून वर बघते. मीही दारात तिच्याकडे तोंड करून उभी असते. परवा ती शेवटच्या पायरीवरून म्हणाली, "आमटीत मीठ कमी होतं गं."

"मग?" मी वरून विचारलं.

"मग काय. पुढच्या खेपेला मी करीन."