शिंपीणकाकूंची किल्ली

सकाळी आठला आमचं अख्खं गाव कामाला शहरात जातं आणि घराघरांच्या जादा किल्ल्या शिंपीणकाकूंच्या भिंतीवर लटकतात. काकूंचा मात्र कोणावर काडीचा विश्वास नाही. मीटर बघणाऱ्याला त्या ओळखपत्र दोनदा दाखवायला लावतात. गेली दहा वर्षं मी त्यांच्या शेजारी राहते, पण माझीच किल्ली मला देताना चोराकडे बघावं तसं बघतात!

"काकू, तुमची जादा किल्ली कोणाकडे?" मी एकदा विचारलं.

"मला काय वेड लागलंय?" त्या फिस्कारल्या.

रविवारी काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या. हाका ऐकून मी धावले. दार लॅचचं. गावभरच्या किल्ल्या आत, काकूंची एकही बाहेर नाही. शेवटी किल्लीवाल्याला बोलावलं.

"काकू, धीर धरा, किल्लीवाला आलाय!"

आतून कण्हत आवाज आला, "ओळखपत्र बघितलंस का त्याचं?"