आगेऱ्याचा पहिला दाणा

आमचं खाचर म्हणजे अंधेरीतलं शेवटचं भातशेत. बेडकाने एका बांधावरून उडी मारली तर थेट पलीकडच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये पडतो. पण गावठाणातल्या आगेऱ्याला, म्हणजे आमच्या नव्या पिकाच्या सणाला, देवळात लोंब्या इथूनच जातात. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. फादर आशीर्वाद देतात आणि माय पहिला दाणा सोलून माझ्या तोंडात घालते. माझे केस पिकले, तरी त्या दिवशी मी चोच उघडतोच.

मागे नटबोल्टांना चकाकी चढवणारा गाळा आला आणि वाट लागली. त्याचं पाणी नाल्यात, नाला आमच्या खाचरात. रंग असे, की इंद्रधनुष्याने राजीनामा द्यावा! यंदा रोपं पिवळी पडली.

"भुकेलीत बिचारी," माय म्हणाली आणि युरिया टाकला. आणखी पिवळी. आणखी युरिया. मला ताप आला तरी ती आधी ताटच वाढते.

लोंब्या आल्या त्या निम्म्या पोचट. मी एक रोप उपटलं, तर मुळं जळक्या शेवयांसारखी, आखूड आणि तपकिरी. रोप, माती, सगळं पवईला माती तपासणाऱ्या ओळखीच्या मॅडमकडे नेलं.

त्यांचा फोन आला. "कॅडमियम आहे, विषारी धातू. मुळांतून चढतं, दाण्यात बसतं. युरियाने माती आंबट झाली, त्याचं आणखी फावलं. हा भात खाऊ नका."

"धुऊन, पेज काढून?" मायने विचारलं.

"नाही हो, मावशी."

मी गाळ्यावर गेलो. असा ओरडलो, की विमानं उतरायची सोडून वर घिरट्या घालत राहिली. मालक हसला. "अंकल, तांदूळ मार्केटमधून घ्या ना. झकास मिळतो."

"आणि आशीर्वाद रे? तोही किलोवर?"

घरी येऊन मीच मायला म्हणालो, "वसईहून लोंब्या आणू."

"दुसऱ्याचं शेत माझं म्हणून दाखवू? देवळात?"

तिने आमच्याच लोंब्या नेल्या. फादरनी आशीर्वाद दिला. मग ती दारात उभी राहून प्रत्येकाला लोंबी देत दरडावत होती, "दाराला बांधा. तोंडात घालाल तर बघा!"

माझी पाळी आली. सवयीने मी चोच उघडली. सवयीने तिनेही दाणा सोलला, नखावर धरला. पांढराशुभ्र, भरलेला.

मग मूठ वळली.

"मिट तोंड," ती म्हणाली.

विमानं अडवणारं तोंड मी मिटलं.