चाकासाठी तिसरा चहा

बद्रीनाथ काळवणे पहिल्यांदा कमरोद्दीनला भेटला, तेव्हा कमरोद्दीन मेलेला होता. निदान बद्रीनाथची तशी पक्की खात्री झाली होती, आणि बद्रीनाथची खात्री म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हे. वाळूजच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस तो. जाफर गेटजवळचा बोळ, भर दुपार, आत अंधारं दुकान, आणि चाकांच्या जुन्या रिमांच्या ढिगाऱ्यात एक लांबलचक म्हातारा डोक्यापर्यंत पांढरी चादर ओढून सरळ पडलेला. पायांचे अंगठे वर. चादर हलत नव्हती. बद्रीनाथनं आधी चपला काढल्या. मग हात जोडावेत की पुढं पसरावेत या विचारात अर्धं मिनिट घालवलं आणि शेवटी दोन्ही थोडं थोडं केलं. मयताचं कुणी आहे का पाहावं म्हणून तो वळला, तोच चादरीखालून आवाज आला,

"कौनसी होना? बुडबुडेवाली, दांडीवाली, के कम्प्युटरवाली?"

बद्रीनाथ ओरडला तो असा, की गुलमंडीत कापड मोजणाऱ्यांचे हात हलले आणि त्या दिवशी तीन बायांना ब्लाउजपीस वीतभर जास्त मिळाला. बोळातली कबुतरं उडाली ती दौलताबादला जाऊन बसली म्हणतात. कमरोद्दीन मात्र सावकाश उठला, चादरीची चौकोनी घडी घातली आणि म्हणाला, "दुपेर कू मैं सोतूं. बैठो."

बद्रीनाथला बॅलन्सर हवा होता. चाकाची जड बाजू कुठली ते शोधून, समोरच्या बाजूला शिशाचा तुकडा चिकटवून तोल साधायचं यंत्र. मुकुंदवाडीत घराच्या खालच्या पार्किंगमध्ये त्यानं गॅरेज थाटलं होतं. गॅरेज म्हणजे एक पंप, दोन पान्हे आणि भिंतीवर टांगलेला कारखान्याचा निरोपाचा फोटो. तीन आठवडे तो मोबाइलवर बॅलन्सरचे व्हिडिओ पाहत होता. जेवताना पाही, दाढी करताना पाही. बायको मंजुषानं शेवटी एकच अट घातली, "काय आणायचं ते आणा, पण पाण्याच्या टाकीकडं जायला वाट ठेवा."

गल्लीतले लोक चकित झाले, कारण आजवर बद्रीनाथला यंत्राची गरजच पडली नव्हती. चाक फिरवायचं, तर्जनी टेकवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं. दहा ग्रॅमचा फरक बोटाला कळतो, असं तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचा. कारखान्यात त्याच्या खिशात लाल खडू असे. ज्या चाकावर त्याची फुली पडली ते चाक परत. रिटायर झाल्यावरही खडू खिशातच राहिला, आणि मंजुषाच्या एकदोन भाकऱ्यांवरही त्याची नजर तशीच पडायची.

पण बोटावरचा विश्वास आठ महिन्यांपूर्वी उडाला होता. त्याचा धाकटा भाऊ सोमनाथ मोटारसायकलवर देवगाव रंगारीला गावाकडं चालला होता. सकाळची वेळ, सरळ रस्ता, समोर कुणी नाही. मागून येणाऱ्या दूधवाल्यानं नंतर एवढंच सांगितलं, "गाडी लई डुलत व्हती." सोमनाथ गेला. त्याच्या पुढच्या चाकाला नवा टायर चार दिवस आधी बद्रीनाथनं घातला होता, तोलही त्यानंच काढला होता. बोटानं. त्याला कुणी बोल लावला नाही. तेराव्याच्या जेवणाला सगळे होते, पण चाकाचं नाव कुणी काढलं नाही, आणि तेच बद्रीनाथला खात होतं. गाडी भंगारात गेली. पुढचं चाक, ज्याला ओरखडासुद्धा आला नव्हता, ते त्यानं मागून घेतलं आणि माळ्यावर ठेवलं. ते यंत्रावर चढवायचं आणि एकदाचं पाहायचं. बाकी गॅरेजचं सगळं सोंग.

यातलं एक अक्षरही त्यानं कमरोद्दीनला सांगितलं नाही. कमरोद्दीननं त्याला दुकान दाखवलं. छताला तारांवर दीडदोनशे रिमा लटकत होत्या, आणि प्रत्येकीची जड बाजू आपसूक खाली आल्यामुळं सगळ्यांची हवेची भोकं एकाच दिशेला होती. माना घालून उभ्या असल्यासारख्या.

"ये कम्प्युटरवाली. मालक पडेगावचा. अटॅक आला," कमरोद्दीन एकेका यंत्रावर हात ठेवत म्हणाला. "ये बुडबुडेवाली. दोघे भाऊ होते. दोघेबी गेले. ये दांडीवाली..."

"हिचा पण गेला?"

"हौ. लई नमाजी माणूस."

"चाचा, जित्या माणसाची एकबी मशीन नाय का तुमच्याकडं?"

"जिता माणूस मशीन कायकू बेचेगा, भाऊ?"

बद्रीनाथनं तिन्ही यंत्रं नजरेनं मापली. कम्प्युटरवाली घेतली असती तर पार्किंगमध्ये ती राहिली असती आणि काळवणे कुटुंब रस्त्यावर. बुडबुड्याच्या यंत्रावर चाक आडवं ठेवून पाण्यातला बुडबुडा मधोमध येतो का पाहायचं. ते मोटारीला बरं, दुचाकीचं चाक त्यावर नीट बसत नाही. उरलं दांडीचं. दोन उभे पाय, वर गुळगुळीत फिरणारी बेअरिंगं, मधून दांडी, दांडीत चाक. वीज नको, वायर नको. बद्रीनाथनं खिशात हात घातला.

"थांबा," कमरोद्दीन म्हणाला. "अगोदर चाक आणा."

"कोणतं चाक?"

"ज्याच्यासाठी घेताय ते. मैं बिना चाक देखे मशीन देता नै."

ही त्याची चाळीस वर्षांची रीत होती. तिच्यापायी निम्मं गिऱ्हाईक वैतागून जाई. बद्रीनाथ भांडला, हुज्जत घातली, दोनदा बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. मग दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुषाच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं चाक मांडीवर घेऊन रिक्षातून आला. क्रांती चौकातल्या सिग्नलला शेजारच्या गाडीवरची बाई लेकराकडं पाहावं तशी त्या गाठोड्याकडं पाहून हसली. बद्रीनाथनं पदर नीट केला.

कमरोद्दीननं साडी सोडली. चाक पाहिलं. दांडी घालून चाक स्टँडवर चढवलं, बोटानं हळूच ढकललं आणि दोघं मागं सरले. चाक फिरलं, मंदावलं, थोडं मागं आलं, थांबलं. कमरोद्दीननं खालच्या जागी लाल खूण करायला हात पुढं केला, कारण जड बाजू तीच.

चाक पुन्हा हललं.

कुणी हात लावला नव्हता. वीज गेलेली होती, पंखा बंद होता. चाक वीतभर सरकलं आणि थांबलं. झोपेत कूस बदलावी तसं. बद्रीनाथनं बंद पंख्याकडं पाहिलं. "वारं असंल," तो म्हणाला. वर लटकलेल्या दीडदोनशे रिमांपैकी एकही हलत नव्हती.

कमरोद्दीननं पुन्हा ढकललं. या वेळी चाक भलत्याच ठिकाणी थांबलं. मघाची जड बाजू वर. म्हणजे जडपणा जागा बदलत होता. दोघं चाकाजवळ वाकले. आणि मग आतून आवाज आला. अगदी बारीक. ओली जीभ टाळूपासून सुटावी तसा. चाक सावकाश फिरू लागलं. फिरून त्याची हवेची नळी बद्रीनाथच्या समोर आली आणि तिथं उभी राहिली.

कमरोद्दीन दारापर्यंत गेला आणि समोरच्या टपरीकडं पाहून ओरडला, "तीन कट चाय!"

"आपण दोघंच तर हाव," बद्रीनाथ म्हणाला.

"ज्याचं चाक हाय त्याला नको का?"

चहा आले. तिसरा ग्लास कमरोद्दीननं स्टँडच्या पायाशी ठेवला. त्या ग्लासाकडं पाहता पाहता बद्रीनाथच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. सोमनाथ, दूधवाला, चार दिवस आधी घातलेला टायर, बोट. अठ्ठावीस वर्षांत एवढं तो कुणाशी बोलला नव्हता. मधेच चाक पुन्हा बोटभर सरकलं आणि त्यानं कमरोद्दीनचं मनगट धरलं. "चाचा, त्यो मला सांगतोय. माझ्याच हातानं झालं म्हणून सांगतोय."

कमरोद्दीननं चहा संपवला. मग तिसराही पिऊन टाकला, गार होईल म्हणून. उठला, चाक खाली घेतलं, पहारीनं टायरची कड उचकटली आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत हिरवा. शेवाळासारखं घट्ट, चिकट, थेंबाथेंबानं ओघळणारं.

"जेल," तो म्हणाला.

पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये ओततात ते. दाट असतं, सावकाश ओघळतं. चाक थांबल्यावर ते आत खाली उतरत राही आणि चाकाला पुन्हा हलवी. बद्रीनाथला जेलचा भयंकर तिटकारा. सोमनाथला त्यानं शपथ घातली होती, टाकायचं नाही म्हणून. आणि सोमनाथनं आयुष्यात मोठ्या भावाचा शब्द मोडला नव्हता. एकदा सोडून, त्या शेवटच्या चार दिवसांत.

"तुम्ही अठ्ठावीस वर्षं चाकंच तपासली ना? हा आवाज नाय ओळखला?"

"नवी तपासली, चाचा. नव्या चाकात आत काही नसतं."

कमरोद्दीननं टायर आणि रिम धुऊन पुसली आणि बद्रीनाथनं लावलेलं शिसं न हलवता टायर होता तसाच परत चढवला. आता खरं माप येणार होतं. फक्त बद्रीनाथच्या हाताचं. त्याला चाकाकडं पाहवेना. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला आणि मागं कमरोद्दीन शिशाचे तुकडे एकेक चिकटवत मोठ्यानं म्हणत राहिला. पाच. दहा. पंधरा. वीस. मग चाक पुन्हा फिरवल्याचा आवाज.

"पच्चीस. आता कुठंबी थांबतंय. पच्चीस जादा का कमी?"

"जादा," भिंत म्हणाली. कारखान्यात असतं तर बद्रीनाथनं त्यावर लाल फुली मारली असती. आणि पंचवीस ग्रॅमनं धडधाकट गाडी कुणाला मारत नाही, हेही त्याच बद्रीनाथला ठाऊक होतं. दोन्ही खरं होतं. जेल त्यात मिळवलं की काय होतं, ते कुठल्याच यंत्रावर कळणार नव्हतं.

कमरोद्दीन बाहेर गेला, खाडखूड करून आपल्या स्कूटरचं पुढचं चाक काढून आणलं आणि स्टँडवर चढवलं. पंचेचाळीस ग्रॅम लागले. "अकरा साल से चला रहा हूं," तो अभिमानानं म्हणाला. "मैं मऱ्या क्या?"

"पहिल्या दिवशी मला तसंच वाटलं होतं," बद्रीनाथ म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी, चोरून का होईना, हसला.

दांडीचं स्टँड त्यानं घेतलं. ते चाक तो दुकानातच ठेवून गेला. कमरोद्दीननं ते छताला, बाकीच्यांच्या रांगेत टांगलं. पुढं पावसाळाभर बद्रीनाथ दर शुक्रवारी नमाजानंतरच्या वेळेला बोळात जाई, दोघं चहा पीत, आणि वर पाहणं दोघंही टाळत. चहा मात्र तीनच सांगायचे. तिसरा कमरोद्दीनच प्यायचा.

उन्हाळ्यात कमरोद्दीनचे गुडघे गेले. लेक गजाला त्याला जालन्याला घेऊन गेली. दुकान रिकामं करताना उरलेलं सगळं लोखंड आणि रिमा तिनं एका टेम्पोत भंगारवाल्याला दिल्या, त्यात सोमनाथचं चाकही होतं. भंगारवाल्याच्या काट्यावर, टायर काढून, ती रिम सव्वातीन किलो भरली; पंचवीस ग्रॅमचा हिशेब तिथं कुणी ठेवला नाही.