आत्याची शाळा मंजूर होते

आमच्या आत्याला 'नाही' हा शब्द उभ्या आयुष्यात कधी ऐकू आला नाही. एरवी तिचे कान इतके तिखट, की कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या घरात स्वयंपाक करता करता ती गल्लीत पाढे म्हणणाऱ्यांच्या चुका ओरडून दुरुस्त करायची. कलकत्त्यातच जन्मली, तिथल्याच मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवलं, आणि १९७०च्या सुमारास निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बजबजच्या लोकलने जाऊ लागली. स्टेशनापासून तासभर चालत गेलं की एक खेडं होतं, तिथे शाळा नव्हती. एवढं कारण तिला पुरलं. गाडीत झालमुडी, म्हणजे तिखट चुरमुरे, विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिने सही शिकवायला घेतली. तो बिचारा तिला चुकवायला डबा बदलायचा, मग हीही बदलायची. शेवटी शिकला.

खेड्यात ती दारोदार हिंडली आणि प्रत्येक घराकडे एकच वस्तू मागितली. कुणाचा बांबू, कुणाचा पेंढा, कुणाची चटई. ज्याने नकार दिला त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी, जणू पहिल्यांदाच आल्यासारखी, हसत उभी. असं करत कूड उभे राहिले, छप्पर शाकारून झालं. पारुल नावाच्या मुलीचा बाप म्हणाला, ही शाळेत गेली तर बकरी कोण राखणार? आत्या म्हणाली, "तिलाही पाठवा. जागा आहे." तेव्हापासून बकरी शाळेच्या खांबाला बांधलेली असे, आणि आत्याच्या मते वर्गात सगळ्यांत लक्ष तिचंच होतं.

पुस्तकं थोडी, मुलं फार. म्हणून मुलं वाण्याच्या पुड्यांचे कागद, जुनी पत्रं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, हाती लागेल ते वाचत.

तिसऱ्या वर्षी तपासनीस आले. शाळा मंजूर झाली तर सरकारी शिक्षक मिळणार होते. न झाली तर या मुलांना पुढच्या शाळेत कुणी घेणार नव्हतं. त्या दिवशी मी आत्याबरोबर होतो. सारं गाव कुडाबाहेर श्वास रोखून उभं. मुलांनी धडा घडाघडा वाचला, तसे साहेब म्हणाले की हे पाठ करून घेतलेलं दिसतंय. आत्या जराही चिडली नाही.

"तुमच्या खिशात जो कागद असेल, तो द्या."

साहेबांनी एक घडी केलेली चिठ्ठी काढून पारुलच्या हाती दिली. ती उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. "मोहरीचं तेल. पडवळ. मासा तुम्ही निवडू नका, मागचा शिळा निघाला. शेजारच्या दादांना सोबत न्या."

कुडाबाहेर आधी एक बाई हसली, मग गाव हसलं, आणि शेवटी डोळे पुसत साहेबही हसले. चिठ्ठी परत घेताना ते म्हणाले, "दीदी, आमच्या हिचं अक्षर मला अजून लागत नाही."

मंजुरीचा कागद आला त्या दिवशी गावाने ढोलासारखा ढाक वाजवत आत्याला थेट स्टेशनापर्यंत आणलं. पुढे पारुलचा बाप नाचत होता. गाडी सुटली तरी ढाक थांबेना, आणि डब्यातल्या अनोळखी माणसांना आत्या आपणहून सांगत होती, आमची शाळा पास झाली.

मग दोन शिक्षक आले. तरुण होते, चांगले होते. आत्याने खडू त्यांच्या हाती दिला, दोन सूचना केल्या, तिसरी गिळली. त्यानंतरच्या सोमवारी मी सकाळीच तिच्याकडे गेलो, तर इस्त्रीची साडी नेसून, केस नीट बांधून ती खुर्चीत बसली होती. घड्याळाकडे पाहत म्हणाली, "प्रार्थना झाली असेल."

मी चहा ठेवायला आत गेलो. थोड्या वेळाने बाहेरून तिचा हलका आवाज आला, "आता हजेरी."