रिकाम्या चुलीचा धूर

धूर वाचता येणारा माणूस तांड्यात आता एकच उरलाय, असं किसनसिंगला वाटायचं. तो एक म्हणजे आपण, याचा त्याला थोडा गर्वही होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एवढा गर्व चालतो, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. किसनसिंगचं मात्र त्यापायी जवळजवळ बिघडलंच होतं.

तांडा सेनगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. माळाच्या उतरणीला बत्तीस घरं, वर टेकाडावर बंजाऱ्यांच्या संताचा, सेवाभायाचा पांढरा झेंडा, खाली नाला आणि पलीकडं तुरीची, सोयाबीनची रानं. किसनसिंगचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. बैल थकले, वाटा बुजल्या आणि तांडा इथं बसला तो बसलाच. तांड्याला नायक असतो आणि नायकाच्या हाताखाली कारभारी. हिरासिंग नायक होता तेव्हा कारभारीपण किसनसिंगकडं आलं. तेव्हा तो पस्तिशीचा, मिशीला पीळ देणारा आणि आपली बायको पद्माबाई सोडून सगळ्यांचं ऐकणारा गडी होता.

कारभाऱ्याला कामं पुष्कळ. भांडणं मिटवायची, सोयरिकीला बसायचं, पाव्हण्यांची सोय बघायची. पण हिरासिंगनं पहिल्याच दिवशी दिवेलागणीला त्याला टेकाडावर नेलं आणि म्हणाला, "बस हितं अन् बघ."

"काय बघू?"

"धूर."

बत्तीस घरांच्या बत्तीस चुली. ज्या घरावर धूर नाही त्या घरात आज पीठ नाही, इतकं ते सरळ होतं. हिरासिंगच्या ओसरीत तुराट्यांची विणलेली, शेणानं लिंपलेली एक मोठी कणगी होती. ज्वारीची खळी झाली की प्रत्येक घरानं तिच्यात जमेल तेवढी टोपली ओतायची. ते धान्य नायकाचं नव्हतं, कारभाऱ्याचं नव्हतं, तांड्याचं होतं.

खरी मेख होती ती द्यायच्या रीतीत. कारभाऱ्यानं पीठ द्यायला म्हणून कुणाच्या दारात जायचं नाही. हातात रिकामं खापर घेऊन जायचं आणि विस्तव मागायचा. त्या काळी काडेपेटी जपून वापरायची वस्तू होती आणि शेजारून विस्तव आणणं रोजचंच होतं. चूल पेटलेली नसली तरी राखेखाली निखारा झाकलेला असायचाच, तो कुणी विझू देत नसे. बगलेतलं पिठाचं गाडगं हात मोकळा करायला म्हणून उंबऱ्यात ठेवायचं, विस्तव घ्यायचा आणि गाडगं विसरून निघून यायचं. बघणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की कारभारी मागायला आला आणि त्या घरानं दिलं. दोन-तीन दिवसांनी गाडगं परत यायचं, पण रिकामं भांडं परत करायचं नाही अशी तांड्याची रीत. चार चिंचा, अंबाडीची पानं, काहीतरी घालूनच ते यायचं.

"तांड्यात सगळ्यात भिकारी घर आपलंच हाय," पद्माबाई हसत म्हणायची. "रोज कुणाकडं तरी इस्तू मागत हिंडता."

ते दिवस किसनसिंगला फार आठवत. संध्याकाळी टेकाडावर बसलं की खाली बत्तीस घरांचा धूर एकमेकांत मिसळायचा. कुणाची पऱ्हाटी ओली, कुणाच्या गोवऱ्या करकरीत, कुणाकडं आज लसणाची फोडणी, सगळं बसल्या जागी कळायचं. आपला तांडा जेवतोय, हे डोळ्यांनी बघण्यासारखं सुख त्याला पुढं कशातच सापडलं नाही.

एकदाच तो फसला होता. जमनाबाईचा नवरा धर्मसिंग त्या साली ऊसतोडीला गेला आणि पाय मोडून तिकडंच दवाखान्यात पडला. घरात जमनाबाई आणि सात वर्षांची निता. जमनाबाई मोठी मानी. तिच्या घरावर रोज संध्याकाळी सगळ्यांबरोबर धूर दिसायचा. चार दिवस किसनसिंग निश्चिंत राहिला. पाचव्या दिवशी त्याला काहीतरी खटकलं. भाकरी करणारी बाई जाळ सारखा हलवत असते. तवा तापला की लाकडं मागं ओढते, भाकर शेकायला निखारे पुढं घेते, पुन्हा काटकी सारते. म्हणून तिच्या घरावरचा धूर येतो, थांबतो, पुन्हा उसळतो. जमनाबाईच्या घरावरचा धूर मात्र एकसारखा, संथ वर चढत होता. कान दिला तर थापण्याचा आवाजही नव्हता.

तो खापर आणि गाडगं घेऊन गेला. चुलीवर झाकलेलं पातेलं होतं आणि त्यात नुसतं पाणी उकळत होतं.

"भाभी, इस्तू देता का? आमची चूल विझून बसली."

जमनाबाईनं त्याच्याकडं बघितलं, उंबऱ्यातल्या गाडग्याकडं बघितलं. मग चिमट्यानं चार निखारे काढून खापरात ठेवले. तो वळला तशी निता गाडगं उचलून मागं धावली. "काका, तुमचं गाडगं राहून गेलं."

"राहू दे," आतून जमनाबाईचा आवाज आला. "उद्या नेतील ते."

तिसऱ्या दिवशी निताच गाडगं परत घेऊन आली. आत बोरं होती, निम्मी वाटेत खाल्लेली.

पुढं रेशनचं धान्य नियमानं मिळू लागलं. कणगीत ज्वारी ओतायचं एकेकानं सोडलं. हिरासिंग गेल्यावर कणगी किसनसिंगच्या घरी आली आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. सात-आठ वर्षांखाली गॅस आला. बायकांचे कागद गोळा करून त्यांना जीपमध्ये कोंबून सेनगावला कुणी नेलं? किसनसिंगनंच. पद्माबाईनं शेगडीला हळदकुंकू लावलं. बायकांच्या डोळ्यांची आग थांबली, याचा त्याला मनापासून आनंद झाला. पण त्या संध्याकाळी सवयीनं टेकाडावर जाऊन बसला तर खाली नुसती पत्र्याची घरं आणि टीव्हीच्या तबकड्या. कोण जेवलं, कोण उपाशी, वरून काहीच कळेना. तो बराच वेळ बसला आणि उठून घरी आला. आपण आता बिनकामाचे झालो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं आणि ते लागलंही.

दोन वर्षांपूर्वी पद्माबाई गेली. रान तिच्या दुखण्यात आधीच गेलं होतं. मुलगी मिना लांब नांदेडकडं दिलेली. दर रविवारी फोन करून "जेवले का, बा?" विचारायची आणि तो "आत्ताच" म्हणायचा. टाकी संपली तशी त्यानं शेगडी गुंडाळून ठेवली आणि पुन्हा चूल धरली. रेशनचे गहू-तांदूळ होते, भागत होतं.

मग रेशनच्या मशीननं त्याचा अंगठा ओळखायचं सोडलं. जन्मभर कासरा, कुऱ्हाड आणि कोयता धरून अंगठ्याच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. दुकानदारानं अंगठा धुऊन बघितला, तेल लावून बघितला. शेवटी म्हणाला, "काका, सेनगावला जाऊन डोळ्याची नोंद करून घ्या. त्याबिगर नाव दिसंना."

किसनसिंग सेनगावला गेला. रांगेत उभाही राहिला. तेवढ्यात तांड्यातला मोहनसिंग समोरून आला. "काका, तुमी काहून आले?"

"सहज. दवाई घ्यायची होती," किसनसिंग म्हणाला आणि रांगेतून बाहेर पडला. खोटं ठरू नये म्हणून मेडिकलमधून डोकेदुखीची गोळी घेतली आणि न दुखणारं डोकं घेऊन जीपनं परत आला. याच माणसानं निम्म्या तांड्याची कामं याच रांगांमध्ये उभं राहून केली होती. जन्मभर तो दारोदार मागत हिंडला होता, पण बगलेत भरलेलं गाडगं असताना. बगल रिकामी असताना मागायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तीन महिने झाले. डब्यांचे तळ दिसले. कोंबड्या एकेक करून गेल्या. दुपारी कुणाच्या बांधावर बसून तुरीच्या शेंगा सोलायच्या, कुणी चहाला बोलावलं तर जायचं, जेवायला बोलावलं तर पोट भरलंय म्हणायचं. आणि संध्याकाळी न चुकता चूल पेटवायची. वर पातेलं, पातेल्यात पाणी. तांड्यात आता एकाच घरावर धूर दिसायचा. "किसनकाका अजून चुलीवरचं खाऊन राहिले, म्हणून ठणठणीत हायत," पोरं म्हणायची. तोही मिशीतल्या मिशीत हसून "ग्यासची भाकर वातड लागती" म्हणायचा. जमनाबाईची युक्ती आपण वापरतोय, हे त्याला कळत होतं. फरक एवढाच, की टेकाडावर आता कुणी बसलेलं नव्हतं.

संक्रांत आठवड्यावर आली होती. किसनसिंग चुलीपुढं बसला होता तेव्हा दारात निता उभी राहिली. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली होती आणि तांड्याच्या अंगणवाडीत मुलांचं जेवण बनवायची. जमनाबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. निताच्या हातात फुटक्या माठाचं खापर होतं.

"काका, इस्तू देता का?"

किसनसिंगनं मान वर केली. हा शब्द त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"घरी भोग लावायचा हाय," निता म्हणाली. "ग्यासवर इंगळ कुठून आणू?"

ते खरंच होतं. निखाऱ्यावर तूप-गूळ घालून देवाला भोग लावतात, तो शेगडीच्या निळ्या जाळावर लागत नाही. किसनसिंगला एकदम बरं वाटलं. आपल्याकडं कुणी काही मागायला आलं, या आनंदात तो लगबगीनं उठला आणि चांगले फुललेले निखारे निवडून तिच्या खापरात ठेवले. निता वळली, अंगण ओलांडून गेली. मग त्याची नजर उंबऱ्यावर पडली. तिथं गाडगं होतं.

"निते, तुझं गाडगं राहिलं."

"राहू द्या," ती मागं न बघता म्हणाली. "उद्या नेते."

आधी त्याला राग आला. काल-परवाची पोरगी, आणि माझाच डाव माझ्यावर? गाडगं उचलून तिच्या दारात आपटून यावं, असंही वाटलं. त्यानं उचललंही. आत ज्वारीचं पीठ होतं, गिरणीतून नुकतंच आणलेलं, अजून कोमट. त्या कोमटपणानं त्याचा हात थांबला. आपण गाडगी विसरून आलो त्या दारांमधल्या माणसांना काय वाटलं असेल, याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. जमनाबाईनं निखारे देताना कसं बघितलं होतं ते त्याला आत्ता समजलं. तो तिथंच उंबऱ्यावर बसला आणि रडला. मग उठून परात घेतली.

सकाळी गाडगं धुतलं आणि रिकामं भांडं घेऊन अडून बसला. आत घालायचं काय? चिंच नाही, बोर नाही, कणगीत अंडं नाही. घरभर हात फिरवून झाला. शेवटी पद्माबाईच्या ट्रंकेतून त्यानं एक वस्तू काढली, गाडग्यात ठेवली आणि अंगणवाडी गाठली.

निता चुलीऐवजी शेगडीपुढं बसून खिचडी ढवळत होती. तिनं गाडग्यात हात घातला आणि रेशनकार्ड बाहेर काढलं.

"रिकामं कसं देऊ?" किसनसिंग म्हणाला. मग अंगठा पुढं केला. एवढं एक वाक्य त्याला फार जड गेलं. "पोरी, माझा आंगठा उठंना."

निता हसली नाही की हळहळली नाही. कार्ड पदराला पुसून पिशवीत ठेवलं. "लेकरं जेवली की बाराच्या जीपनं जाऊ."

जीपमध्ये दोघं दाटीवाटीनं बसले. बरंच अंतर गेल्यावर त्यानं हळूच विचारलं, "तुला कवा कळलं?"

"आठ दिवस झाले. तुमच्या घरावरचा धूर एकसारखाच येऊन राहिला," निता म्हणाली. "माझी याडी अशीच चूल पेटवायची, काका. मी तिच्या मांडीवर बसून बघितली हाय ती."

सेनगावला रांगेत मोहनसिंग नव्हता, पण ओळखीचे दुसरे दोघे होते. त्यांनी विचारलं तेव्हा किसनसिंगनं सांगून टाकलं, की रेशन बंद झालंय, ते चालू करायला आलोय. त्यातला एक म्हणाला, माझ्या बापाचंही असंच झालंय, काय काय कागद लागतात? किसनसिंगनं त्याला कागद सांगितले. खिडकीतल्या पोरीनं दुर्बिणीसारखं एक यंत्र त्याच्या डोळ्यांना लावलं आणि मशीननं त्याला पहिल्या झटक्यात ओळखलं.

पुढच्या महिन्यापासून धान्य येणार होतं. तोवरची सोय काय, ते नितानं विचारलं नाही आणि तिच्या गाडग्यातल्या पिठाशिवाय घरात काही नाही, हे त्यानंही लपवलं नाही. संध्याकाळी त्यानं चूल पेटवली, तवा ठेवला, लाकडं मागं ओढली, निखारे पुढं घेतले. पीठ मळून भाकर थापायला घेतली. पद्माबाईच्या मानानं ती वाकडीच व्हायची. निता अंगणवाडीच्या दाराला कुलूप लावत होती, ते त्याला ऐकू आलं. मग त्यानं ती भाकर जरा जास्तच जोरात थापली, तिकडं ऐकू जावी म्हणून.