माशांची वाटणी

मैत्रिणींनो, आज आमच्या घराची वाटणी झाली. शेत झालं, भांडी झाली आणि शेवटी मासेही वाटले. हसू नका.

आमच्या फिश टँकमध्ये आठ निऑन टेट्रा होते. बोटाच्या पेराएवढे, लाल-निळ्या पट्टीचे. मी आणि जाऊबाई मिळून सांभाळायचो. हा मासा घोळक्यातच जगतो. एकटा पडला की खाणं सोडतो.

म्हणून मी बसलेल्या चार माणसांत बोलले, "भावजी, सगळे तुमी न्या, पण त्यांची ताटातूट करू नका."

थोरले भावजी म्हणाले, "उपकार नको."

आमचे हे म्हणाले, "फुकट का म्हणून द्यायचे? निम्मे आपले हायेत."

टँक आमच्याकडं आला. भावजींनी त्यांचे मासे स्टीलच्या डब्यात, नळाच्या ताज्या पाण्यात टाकून नेले.

अंगणात आजच मधोमध पत्रे उभे केलेत. संध्याकाळी पत्र्याआडून जाऊबाईंनी वाटी पुढं केली. "तीन गेले गं. हा तेवढा राहिलाय. तुझ्यात सोड, न्हाई तर हाही जायचा."

मी टँकचं झाकण उचललं, तर यांनी हात धरला. "आपल्या वाट्याचा न्हाई तो. उद्या म्हणतील, आमचा मासा दाबला. परत दे."

पलीकडं कडी लागलीय. वाटी ओट्यावर आहे, मासा तळाला टेकलाय आणि हे टँकसमोर खुर्ची टाकून बसलेत.

मला एवढंच सांगा, तो एकदा टँकमध्ये सोडला, तर त्यांतला भावजींचा कोणता, हे यांना तरी ओळखू येईल का?